दोन थापा

टिंग टिंग

बाबा : ...आणि हे बघ, खाली काय लिहिलंय. ‘पचनशक्ती सुधारते.’ गादीवर आपटून घेतल्याने पचन कसं सुधारतं, ते ज्युदोच्या ताईंना एकदा विचारायला पाहिजे.

ठमी : बाबा, तो बोर्ड राहू द्या. मी काय म्हणतेय ते ऐका.

बाबा : ऐकतोय की. ‘एकाग्रता वाढते, आत्मविश्वास येतो, शिस्त लागते, मूल धीट होतं.’ अगदी तोच मजकूर. तुझ्या वेळी क्लासच्या सरांनी शाळेच्या फाटकावर कागद लावला होता ना, त्यात पचन तेवढं नव्हतं.

ठमी : तेव्हाही तुम्ही असंच मोठ्याने वाचलं होतं. सगळ्या मुली बघत होत्या.

बाबा : आणि तू माझ्या शर्टामागे लपली होतीस. म्हणून तर घातलं तुला ज्युदोला. दारावर कोणी आलं की पलंगाखाली जाणारं पोर ते.

ठमी : आता मी बोलू?

बाबा : बोल. काचेतून भिंगरी दिसतेय तोवर बोल. मग ती बाहेर आली की आपल्याला कोण बोलू देतंय.

ठमी : सोमवारपासून मला दुपारची पाळी आहे. एक्स-रेला आता आम्ही दोघीच उरलोय, बदलून मिळत नाही. तिचे बाबा घरी येतात तोवर क्लास सुटलेला असतो. म्हणजे तिला इथे आणायचं आणि घरी न्यायचं, हे तुमच्याकडे.

बाबा : एवढंच ना? आणीन की. मी घरी बसून तरी काय करतो, घड्याळाला किल्ली देतो. आणि हल्ली घड्याळालासुद्धा किल्ली लागत नाही. यात विचारायचं काय?

ठमी : विचारत नाहीये. अट सांगतेय.

बाबा : अट.

ठमी : तिला आणायचं, या बाकावर बसायचं, सुटल्यावर घरी सोडायचं. बास. घरी तिची प्रॅक्टिस घ्यायची नाही. ताईंनी सगळ्या मुलांना सांगितलंय, घरच्या मोठ्या माणसाबरोबर सराव करा म्हणून. ती तुमच्या मागे लागणार. कितीही हट्ट केला तरी हात धरायचा नाही. पकड नाही, पेच नाही. गंमत म्हणूनसुद्धा नाही. ऐकू आलं?

बाबा : आलं.

ठमी : मला कारण सांगायला लावू नका.

बाबा : नाही लावत. कारण रोज बघतो मी. वरच्या फळीवरचा डबा काढताना तू डावा हात वर करतेस. उजवा पुरत नाही.

ठमी : पुरतो. जरा कमी पुरतो.

टिंग

भिंगरी : आई, पाणी. आजोबा, बघितलं का तुम्ही? मी धाडकन पडले ना, आणि मला कणभरसुद्धा लागलं नाही.

बाबा : बघितलं. पोतं टाकावं तशी पडलीस.

भिंगरी : तसंच पडायचं असतं. हनुवटी आत घ्यायची आणि हात गादीवर फाट् करून आपटायचा. ताई म्हणतात, पडायची भीती गेली ना, की अर्ध्या भीत्या जातात. माझी अंधाराची पण गेली. म्हणजे थोडी गेली.

ठमी : सावकाश पी. ठसका लागेल.

भिंगरी : आणि आज परत थाप मारायला शिकवली.

बाबा : थापा मारायला क्लास कशाला हवा? घरी आम्ही शिकवल्या असत्या.

भिंगरी : तसली थाप नाही हो, आजोबा. अशी. हाताने. म्हणजे ना, कोणी आपल्याला धरलंय आणि दुखायला लागलं, किंवा घाबरायला झालं, किंवा उगाचच नको वाटलं, तरी चालतं, की दोनदा थाप मारायची. गादीवर नाहीतर त्याच्या अंगावर. की त्याने लगेच सोडायचं. ‘का’ विचारायचं नाही.

बाबा : आणि नाही सोडलं तर?

भिंगरी : मग तो सगळ्या गाद्या एकटा उचलतो. पण नुसती थाप नाही चालत, तोंडाने ‘बस’ पण म्हणायचं. कारण ताईंचे जे सर होते ना, त्यांच्या क्लासमध्ये खूप खूप आधी एक मुलगी होती. तिने थाप मारली आणि कोणाला ऐकूच आली नाही. मग तिचा हात मोडला. सरांचं लक्ष नव्हतं. मग सरांनी नियमच करून टाकला, जो कोणी नवीन येईल त्याला आधी थाप शिकवायची आणि मग बाकीचं. ताईंना पण पहिल्या दिवशी तेच शिकवलं होतं, आणि त्या आम्हाला पण तेच सांगतात. आई, तू पण लहानपणी सरांकडेच होतीस ना? तुझ्या वेळी होती का गं ती मुलगी?

ठमी : फ्रॉक... अगं, पाणी सांडतेयस अंगावर.

भिंगरी : फ्रॉक नाही, हा ड्रेस आहे ज्युदोचा. होती का?

ठमी : आमची बॅच वेगळी होती.

भिंगरी : ओह. आणि घरच्या सरावाला मी आजोबांचं नाव सांगितलंय. पण त्यांना आधी हात धरायला शिकवायला लागेल. ते माझा हात धरतच नाहीत.

ठमी : म्हणजे?

भिंगरी : रस्ता ओलांडतानासुद्धा नाही. बोट पण देत नाहीत. मागून दप्तर धरतात. असं, कुत्र्याची साखळी धरतात तसं.

बाबा : तुझ्या दप्तराचा पट्टा भक्कम आहे. तुझ्यापेक्षा जास्त भरवशाचा.

भिंगरी : बाकी सगळ्यांचे आजोबा हात धरतात.

ठमी : जा बघू आत. ताई वळून बघतायत.

टिंग टिंग

ठमी : कधीपासून?

बाबा : काय कधीपासून?

ठमी : दप्तर.

बाबा : ती चालायला लागल्यापासूनच. तेव्हा दप्तर नव्हतं, तेव्हा झबल्याला मागून धरायचो. तुझ्या लक्षात आलं नाही, कारण तू असलीस की तूच धरतेस.

ठमी : तिला दवाखान्यातून घरी आणली, तेव्हा मी म्हटलं, घ्या तिला. तुम्ही म्हणालात, चष्मा सापडत नाहीये, दिसत नाही नीट.

बाबा : खिशातच होता.

ठमी : म्हणजे मी इथे अट घालायला आले आणि तुम्ही ती आधीपासूनच पाळताय.

बाबा : अट बरोबर आहे तुझी. मला राग नाही आला. तू घातली नसतीस तर मीच म्हणणार होतो.

ठमी : आता भिंगरी काय सांगून गेली ते ऐकलंत ना?

बाबा : ऐकलं.

ठमी : ‘सरांचं लक्ष नव्हतं.’

बाबा : ऐकलं म्हटलं ना.

ठमी : सर वारले, तरी ती गोष्ट चालूच आहे. नवीन आलेल्या प्रत्येक मुलाला सांगतात. आणि सरांच्या क्लासात कधी कोणाचा हात मोडलाच नव्हता, बाबा. आपल्या पुढच्या खोलीत मोडला. पलंगावरची गादी खाली ओढली होती तुम्ही, आणि खुर्च्या भिंतीला लावल्या होत्या.

बाबा : जरा हळू बोल. आत ऐकू जाईल.

ठमी : हळूच बोलतेय. तेव्हापासून हळूच बोलतेय मी.

बाबा : तूच म्हणालीस, बाबा, गंमत बघा. मोठी मुलं करतात ते हाताचं कुलूप मी बघून ठेवलंय. आणि लावलंस मला. इवलेसे हात तुझे. मी खोटं खोटं ओरडलो, मेलो, मेलो म्हणून. तू इतकी हसलीस. तुला एवढं मोठ्याने हसताना मी पहिल्यांदाच बघत होतो. वाटलं, लागू पडला क्लास. वाटलं, आता माझी पाळी.

ठमी : मी थाप मारली होती.

बाबा : हो.

ठमी : एक विचारते. कधी विचारलं नाही. तुम्हाला ऐकू आली होती का? नसेल आली तर तसं सांगा.

बाबा : आली होती.

ठमी : आली होती.

बाबा : स्पष्ट. तुझा दुसरा हात गादीच्या बाहेर होता. फरशीवर मारलीस. दोनदा.

ठमी : मला वाटलं होतं, तुम्ही नाही म्हणाल. मी मनाची तयारी करून ठेवली होती, की कधीतरी विचारायचं, तुम्ही नाही म्हणायचं, आणि मी ते खरं धरून चालायचं.

बाबा : मला तसं म्हणता आलं असतं. ऐन वेळी नाही आलं.

ठमी : मग सोडलं का नाहीत?

बाबा : तुला पटणार नाही.

ठमी : पटवायला सांगत नाहीये. सांगा नुसतं.

बाबा : एक टिंग म्हणजे थांब. दोन टिंग म्हणजे निघ.

ठमी : काय?

बाबा : बसची बेल गं. मागून कंडक्टर दोरी ओढतो. एक वाजली की गाडी बाजूला घ्यायची, दोन वाजल्या की सोडायची. ड्रायव्हरने मागे वळून बघायचं नसतं. कोण चढलं, कोण लोंबकळतंय, कोणाची पिशवी दारात अडकलीय, ते सगळं कंडक्टरने बघायचं. आपण फक्त कान द्यायचा. दोन वाजल्या म्हणजे मागे सगळं ठीक आहे, चालू द्या. कित्येक वर्षं गेली त्यात. बायकोची हाक एखाद्या वेळी ऐकू यायची नाही, पण त्या दोन बेल झोपेतसुद्धा ऐकू यायच्या. तू दोन वाजवल्यास. माझं डोकं काही म्हणालंच नाही. अंगानेच ऐकलं. सगळं ठीक आहे, चालू द्या. आणि मी आणखी जोर दिला.

ठमी : हे तुम्हाला तेव्हाच कळलं?

बाबा : छे. तेव्हा मी एकच आवाज ऐकला, तो तुझ्या कोपराचा. कळलं नंतर, कामावर गेलो तेव्हा. पहिल्याच थांब्यावर मागून टिंग टिंग झालं आणि पाय आपोआप खाली गेला. मी बघतच राहिलो त्या पायाकडे. गाडी निघाली होती आणि मी निघालोच नव्हतो. पुढचा सायकलवाला ओरडला म्हणून ब्रेक तरी लागला.

ठमी : म्हणून तुम्ही डेपोच्या फाटकावर काम मागून घेतलंत.

बाबा : हं.

ठमी : आम्हाला सांगितलंत कंबर गेली म्हणून. आई किती दिवस शेकायची तुमची कंबर.

बाबा : कंबर ठणठणीत होती. तिला शेकताना बरं वाटायचं, आपण काहीतरी करतोय म्हणून. मग पालथा पडून राहायचो. चटके बसायचे कधीकधी. बसू दे म्हटलं.

ठमी : तुम्हाला गाडी किती आवडायची.

बाबा : गाडीलाही मी आवडायचो. माझ्या नंतर आलेल्या ड्रायव्हरशी कधी नीट वागली नाही ती. चढावर रुसायची.

ठमी : बाबा, हे तुम्ही मला तेव्हाच सांगितलं असतंत तर? मी दहा वर्षांची होते, पण बेल मला कळली असती. मी तुमच्या बसमधूनच शाळेत जायचे.

बाबा : काय सांगणार? डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? आणि माझ्या तोंडून निघून गेलं, क्लासमध्ये. दवाखान्यात शेजारच्या बाकावर लोक बसले होते. बापाने पोरीचा हात मोडला, हे बोलायला जीभ वळेना. मग तुझ्या आईला तेच सांगितलं, ती बाजारातून येईपर्यंत माझं तेच खरं झालं होतं. एकदा थाप मारली की...

ठमी : ती पहिली.

बाबा : काय पहिली?

ठमी : काही नाही. शब्द तोच आहे ना, म्हणून म्हटलं. मी फरशीवर मारली तीही थाप, आणि तुम्ही डॉक्टरांना मारलीत तीही थापच. आणि दुसरी मी मारली.

बाबा : तू कसली मारतेस. तुला प्लॅस्टर होतं गळ्यापासून.

ठमी : सर घरी आले होते. तुम्ही दारातच आडवे उभे राहिलात. त्यांना चपलासुद्धा काढू दिल्या नाहीत. ते तुमच्या खांद्यावरून माझ्याशी बोलले. म्हणाले, ठमाबाई, हे कुलूप तर मी तुम्हा लहानांना शिकवतच नाही. कधी झालं हे? मला कसं दिसलं नाही?

बाबा : आठवतंय.

ठमी : रागावून नाही विचारलं त्यांनी. मला वाट करून देत होते ते. मी नुसती मान हलवली असती तरी त्यांना समजलं असतं. मी तुमच्याकडे बघितलं आणि म्हटलं, मंगळवारी. मोठ्या मुलांचं बघून आम्ही कोपऱ्यात करत होतो, तुम्ही तिकडे होता. वार सांगितला मी, बाबा. कोणी शिकवलं नव्हतं. खोटं पक्कं व्हावं म्हणून आपणहून वार घातला त्यात.

बाबा : पोर होतीस तू.

ठमी : सर म्हणाले, ‘मग माझंच लक्ष नव्हतं.’ आणि गेले. जिन्यावरून उतरताना त्यांच्या चपलांचा आवाज येत होता, आणि मी वाट बघत होते, तुम्ही हाक माराल म्हणून.

बाबा : मी वाट बघत होतो, तू मारशील म्हणून.

ठमी : खरंच?

बाबा : देवाशप्पथ. वाटत होतं, पोर बोलली तर सुटलो. तुझ्या पाठीमागे लपलो मी त्या दिवशी.

ठमी : मग एकेका मुलाचे आईवडील आले, नावं काढून घेऊन गेले. शाळेने हॉल परत घेतला. सर गाव सोडून गेले. पुढे कुठे क्लास काढला असेल, असं आपण नुसतं म्हणायचो. आणि तिथे जाऊन ते काय करत होते, तर माझी थाप शिकवत होते. पहिल्या दिवशी. प्रत्येकाला.

बाबा : तू त्या दिवशी इथे नाव घालायला आलीस, तेव्हा तुला माहीत होतं, ताई त्यांच्याच हाताखालच्या म्हणून?

ठमी : आत सरांचा फोटो लावलाय. तो बघून मी परतच जाणार होते. भिंगरी आत पळाली होती तोवर.

बाबा : हात दुखतो का गं अजून?

ठमी : हाताचं सोडा. हात जुळला. रोज लोकांच्या हाडांचे फोटो काढते मी, याच्यापेक्षा वाकडे हात घेऊन माणसं शिवणकाम करतात. मला क्लास हवा होता, बाबा. तिथे मी पहिल्यांदा ओरडले होते. सर म्हणायचे, गळ्यातून नको, पोटातून काढ आवाज. एकदा असा निघाला की खिडकीतली कबुतरं उडाली. सगळे हसले, मी पण. त्यानंतर तसा आवाज मी कधी काढला नाही. आता तर कुठून काढायचा तेही विसरले.

बाबा : तू कधी म्हणाली नाहीस, परत जायचंय म्हणून.

ठमी : तुम्ही सांगितलं होतंत, या घरात क्लासचं नाव काढायचं नाही. मी नाही काढलं. शिस्त लागली होती ना.

बाबा : —

ठमी : असं बोलायचं नव्हतं मला.

बाबा : असू दे. बोल. हे आता थांबवू नकोस.

ठमी : झालं बोलून.

बाबा : मी ताईंना सांगतो.

ठमी : काय सांगणार?

बाबा : की ती गोष्ट चुकीची आहे. त्या मुलीची थाप ऐकू आली होती. आणि सरांचं लक्ष होतं.

ठमी : आता सांगून सरांना काय मिळणार?

बाबा : सरांना काही नाही. सरांना द्यायचं ते दारात द्यायचं होतं. पण नवीन येणारं पोर उगाच का खोटं ऐकून घेईल?

ठमी : मग भिंगरीला कळेल.

बाबा : कळेल.

ठमी : ती अजून लहान आहे. तुमच्यावर जीव टाकते. उद्या तुमच्याबरोबर यायला नको म्हणाली तर? सोमवारपासून माझी पाळी आहे.

बाबा : नको म्हणाली तर मी चार पावलं मागून चालेन. दप्तराला धरून चालवतोच की तिला, का धरतो ते तरी तिला कळू दे. कुत्र्याची साखळी म्हणते पोर.

ठमी : मी पण येते आत. वार मी सांगितला होता.

टिंग

भिंगरी : सुटला क्लास. आई, माझी चप्पल कुठेय? आजोबा, ताई म्हणाल्या, घरी सराव करायचा तर आधी मोठ्यांची परीक्षा घ्यायची.

बाबा : माझी? कसली?

भिंगरी : सोडायची. ताई म्हणतात, धरता सगळ्यांना येतं. तुम्ही माझं मनगट धरायचं आणि थोडं वळवायचं. मी थाप मारली आणि ‘बस’ म्हटलं की सोडायचं. लगेच सोडलं तर पास.

बाबा : बाळा, मी नाही देत परीक्षा. मी आयुष्यात एकच परीक्षा दिली, गाडीच्या लायसनची.

भिंगरी : आई, सांग ना त्यांना.

ठमी : तुझ्यावर नाही. आधी माझ्यावर.

बाबा : ठमे, नको.

ठमी : मग आपण तिघं ताईंकडे जाऊ. आधी हे.

बाबा : तू अट घातली होतीस.

ठमी : भिंगरीसाठी घातली होती. मी मोठी आहे. घ्या. उजवा.

भिंगरी : नीट उभे राहा दोघं. आजोबा, तुम्ही असं धरा. हां. आता वळवा, हळूहळू. आणि आई, तू लक्षात ठेव, दोनदा थाप आणि तोंडाने ‘बस’. दुखायच्या आधी मारली तरी चालते.

(बाबा हात धरतात. धरल्या धरल्याच सोडून देतात.)

भिंगरी : अहो आजोबा, असं नाही. सोडलंत कशाला? आईने थाप मारलीच नाही अजून.

बाबा : मारली होती.